एम.टेक. मेकॅनिकलसाठी एनपीटेल: व्याख्याने अव्वल, गृहपाठ अपुरा

महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत एम.टेक. मेकॅनिकलच्या वर्गाला शिकवणाऱ्यांना एक अडचण चांगलीच परिचयाची आहे. शाखा हीट पॉवरची असो, डिझाइनची असो वा प्रॉडक्शनची, पटावर विद्यार्थी मोजके असतात, त्यांतले काही नोकरी सांभाळून शिकत असतात, आणि अभ्यासक्रमात मात्र ॲडव्हान्स्ड फ्लुइड मेकॅनिक्स, फायनाइट एलिमेंट, कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स म्हणजेच सीएफडी (प्रवाहांची गणिते संगणकावर सोडवण्याचे शास्त्र) असे विषय असतात. या विषयांत स्वतः वर्षानुवर्षे काम केलेला अध्यापक प्रत्येक महाविद्यालयाला मिळणे शक्य नसते. ही उणीव एनपीटेल, म्हणजे आयआयटींच्या अध्यापकांच्या व्याख्यानांची ऑनलाइन सेवा, कितपत भरून काढते, हा या परीक्षणाचा विषय आहे. मी हीट पॉवरच्या पदव्युत्तर वर्गाला शिकवतो, एनपीटेलची व्याख्याने वर्गात वापरतो आणि स्वतःही ऐकतो. माझे मत आधीच सांगतो. व्याख्याने म्हणून या सेवेला आपल्याकडे तोड नाही. पण पदव्युत्तर शिक्षणाचा जो भाग विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातून घडावा लागतो, तो तिच्या गृहपाठातून घडत नाही, आणि प्रमाणपत्र हाती आले म्हणजे तो घडला असे मानण्यात विद्यार्थ्याचेच नुकसान आहे.

ज्यांनी ही सेवा वापरलेली नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर, मद्रास, गुवाहाटी आणि रुरकी या सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी केंद्र सरकारच्या मदतीने २००३ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. आरंभी केवळ चित्रित व्याख्याने आणि लिखित टिपणे उपलब्ध होती. २०१४ पासून त्यांना साप्ताहिक असाइनमेंट आणि परीक्षेची जोड मिळाली. जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोन सत्रे चालतात, आणि अभ्यासक्रम चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात. नावनोंदणी, व्याख्याने, असाइनमेंट हे सगळे विनामूल्य आहे. शुल्क लागते ते फक्त परीक्षेला बसायचे असेल तर, आणि तेही एका अभ्यासक्रमाला १००० रुपये. खासगी शिकवण्यांचे आकडे पाहिलेल्या पालकाला ही रक्कम छापण्यात चूक झाली असे वाटावे इतकी ती कमी आहे.

आता व्याख्यानांकडे वळतो, कारण या सेवेचे खरे धन तेच आहे.

एम.टेक.ला आलेल्या विद्यार्थ्याची पहिली अडचण पदव्युत्तर विषयांची नसते, ती बी.ई.च्या विषयांची असते. त्याला रेनॉल्ड्स ट्रान्सपोर्ट थिअरमचे सूत्र पाठ असते, पण कंट्रोल व्हॉल्यूम, म्हणजे प्रवाहात अभ्यासासाठी कल्पिलेला भाग, स्वतः हलत असेल तर त्यातला वेग कोणाच्या सापेक्ष घ्यायचा हे विचारले की तो थबकतो. अशा विद्यार्थ्याला मी प्रथम आयआयटी खरगपूरच्या सुमन चक्रवर्ती यांच्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या अभ्यासक्रमाकडे पाठवतो. एखादे समीकरण मांडताना कोणते गृहीतक कुठल्या ओळीवर वापरले गेले, ते काढून टाकले तर काय बदलते, हे ते न कंटाळता सांगत राहतात. बर्नूलीचे समीकरण कुठे लावू नये हे ज्याला कळले, त्याला ते कुठे लावावे हे वेगळे शिकवावे लागत नाही. खरगपूरचेच एस. के. सोम यांचा थर्मोडायनॅमिक्सचा अभ्यासक्रम जुन्या पद्धतीने फळ्यावर शिकवलेला आहे. चित्रीकरण आजच्या मानाने साधे आहे, पण मांडणीतला सावकाशपणा हा त्याचा गुण आहे. यंत्रांच्या गतिशास्त्रासाठी आयआयटी कानपूरचे अशोक कुमार मलिक आणि अमिताभ घोष यांची व्याख्याने आजही मी निःशंकपणे सुचवतो. डिझाइनच्या विद्यार्थ्याने कंपनांचा पदव्युत्तर दर्जाचा अभ्यास करायचा असेल तर अनिर्बाण दासगुप्ता यांचा व्हायब्रेशन्स ऑफ स्ट्रक्चर्स हा अभ्यासक्रम घ्यावा. तो सोपा नाही. आंशिक विकलक समीकरणांची भीती गेलेली नसेल तर आधी गणिताची उजळणी करून मगच त्यात उतरावे.

तरीही एकाच अभ्यासक्रमाबद्दल सविस्तर लिहायचे झाले तर मी आयआयटी मद्रासच्या एम. रामकृष्ण यांच्या इंट्रोडक्शन टू सीएफडी या अभ्यासक्रमाबद्दल लिहीन. तो एरोस्पेस विभागातला आहे, पण हीट पॉवरच्या विद्यार्थ्याला याहून उपयोगी सुरुवात मला माहीत नाही. आपल्याकडे सीएफडी म्हणजे एखाद्या व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये जाळी बनवणे, पर्याय निवडणे आणि रंगीत चित्रे काढून प्रबंधात लावणे, अशी समजूत रूढ झाली आहे. या अभ्यासक्रमाची सुरुवात मात्र संगणकात आकडा कसा साठवला जातो येथून होते. मग फलन कसे साठवायचे, विकलक कसे साठवायचे, त्यात किती चूक येते, असे करत करत गाडी लाप्लासच्या समीकरणापर्यंत, म्हणजे स्थिर अवस्थेतले तापमान ज्याने मांडतात त्या समीकरणापर्यंत, येते, आणि तिथे घाई न करता पुनरावृत्ती, तिचा वेग आणि तिच्यामागचे मॅट्रिक्स यांवर अनेक व्याख्याने दिली जातात. प्रवाहाच्या मूळ समीकरणांचे, म्हणजे नेव्हिए-स्टोक्सचे, नावही न घेता इतका वेळ गेल्यामुळे काही विद्यार्थी अस्वस्थ होतात. त्यांनी धीर धरावा, असे मी आग्रहाने सांगतो.

या टप्प्यावर मी वर्गाला एक काम देतो, आणि एनपीटेलची ताकद व मर्यादा दोन्ही त्यातून स्पष्ट होतात, म्हणून ते येथे मांडतो. एक एकक बाजूचा चौरस घ्यायचा, त्याच्या चारही कडांवर क्ष वर्ग वजा य वर्ग ही किंमत ठेवायची आणि आतल्या बिंदूंवर लाप्लासचे समीकरण सोडवायचे. हे फलन स्वतःच लाप्लासचे समीकरण पाळते आणि त्याचे चौथे विकलक शून्य असते, त्यामुळे पाच बिंदूंचे नेहमीचे सूत्र येथे तंतोतंत बरोबर उत्तर देते. म्हणजे जाळीमुळे येणारी चूक नाहीशी होते आणि उरते ती केवळ पुनरावृत्ती पुरेशी न झाल्याची चूक. विद्यार्थी आधी प्रत्येक बाजूचे दहा भाग करतो आणि उत्तर पुन्हा पुन्हा सुधारत नेणारी गाऊस-सायडेल पद्धत चालवतो. चूक दहा लाखांश होण्यासाठी सुमारे १४० पुनरावृत्त्या लागतात, संगणक त्या डोळ्याचे पाते लवण्याआधी करून टाकतो आणि विद्यार्थी खूश होतो. मग मी त्याला बाजूचे शंभर भाग करायला सांगतो. आता त्याच अचूकतेसाठी सुमारे १४,००० पुनरावृत्त्या लागतात. जाळी दहापट बारीक झाली, पुनरावृत्त्या शंभरपट झाल्या, आणि प्रत्येक पुनरावृत्तीतले बिंदूही शंभरपट वाढले. एकूण काम दहा हजारपट झाले. हे त्याने स्वतःच्या पडद्यावर पाहिलेले असते. त्यानंतर तो सक्सेसिव्ह ओव्हर-रिलॅक्सेशन लावतो, म्हणजे प्रत्येक सुधारणा एका गुणकाने वाढवतो, तो गुणक १.९४ च्या आसपास आणतो, आणि चौदा हजारांचा आकडा सव्वादोनशेच्या थोडा वर येऊन थांबतो. तोच गुणक १.९ ठेवला तर फायदा किती घटतो हेही तो करून पाहतो. शेवटी मी त्याला सर्व चल सिंगल प्रिसिजनमध्ये, म्हणजे कमी अंक साठवणाऱ्या प्रकारात, बदलायला लावतो. चूक एका पातळीखाली उतरायला तयारच होत नाही, आणि संगणकात आकडा कसा साठवतात हे पहिल्याच व्याख्यानात का सांगितले होते याचा उलगडा त्याला होतो.

या एका कामात पदव्युत्तर शिक्षणाचा गाभा आहे असे मी मानतो. हे काम सुचण्याइतकी समज एनपीटेलच्या व्याख्यानातून मिळते. पण एनपीटेलची साप्ताहिक असाइनमेंट हे काम करून घेत नाही. मेकॅनिकलच्या बहुतेक अभ्यासक्रमांत ती बहुपर्यायी प्रश्नांची असते, फार तर एखादे संख्यात्मक उत्तर भरायचे असते, आणि तपासणी संगणक करतो. हजारो विद्यार्थ्यांच्या असाइनमेंट माणसांनी तपासणे शक्य नाही, ही व्यावहारिक बाजू मला मान्य आहे. पण चार पर्यायांतून एक निवडणारा विद्यार्थी आणि दोन पानांचे डेरिव्हेशन स्वतः लिहून त्यातली चिन्हाची चूक शोधणारा विद्यार्थी यांच्यात जे अंतर आहे, तेच बी.ई. आणि एम.टेक. यांच्यातले अंतर आहे. असाइनमेंटची उत्तरे समाजमाध्यमांवर फिरत असतात, ही गोष्टही आता लपून राहिलेली नाही. उत्तरे उतरवून दर आठवड्याला पूर्ण गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याला सीमास्तराची, म्हणजे पृष्ठभागालगतच्या मंदावलेल्या थराची, जाडी प्रवाहाच्या दिशेने का वाढते हे शब्दांत सांगता येत नाही, तेव्हा दोष त्या विद्यार्थ्याचा असतोच, पण त्या गुणांना महत्त्व देणाऱ्या आपल्या व्यवस्थेचाही असतो.

गुणांचे गणित असे आहे: असाइनमेंटना २५ टक्के आणि अंतिम परीक्षेला ७५ टक्के. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरल्या जातात. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० गुण लागतात. एकूण ६० च्या वर एलिट आणि ९० च्या वर सुवर्ण श्रेणी मिळते. परीक्षा केंद्रावर जाऊन, देखरेखीखाली द्यावी लागते आणि ती प्रामाणिक असते, हे मी आवर्जून सांगेन. मात्र तिचे प्रश्नही मुख्यतः बहुपर्यायी असल्यामुळे चांगला गुणांक हा विषय समजल्याचा पुरावा ठरतो, विषय करता येतो याचा नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून, ज्यावर एनपीटेलचेही अभ्यासक्रम असतात, घेण्यास मुभा दिली आहे. त्यामुळे बारा आठवड्यांचा एनपीटेल अभ्यासक्रम वर्गातल्या एखाद्या विषयाच्या जागी आणणे महाविद्यालयांना सोयीचे वाटू लागले आहे. वैकल्पिक विषयासाठी मला यात वावगे वाटत नाही. पण ॲडव्हान्स्ड हीट ट्रान्सफर किंवा फायनाइट एलिमेंट यांसारखा मूळ विषय, वर्गात तास न घेता आणि एकही वही न तपासता, केवळ प्रमाणपत्रावर पूर्ण झाला असे धरणे मला मान्य नाही. व्याख्यान खरगपूरचे असो वा मद्रासचे, वही तपासायला माणूस त्याच गावात लागतो.

सेवेच्या बाकीच्या बाजूंबद्दल थोडक्यात. व्याख्यानांची लिखित प्रत मिळते, आणि मराठी माध्यमातून दहावी झालेल्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग फार होतो. ऐकताना निसटलेले वाक्य वाचून पकडता येते, आणि दोन-तीन आठवड्यांत कान सरावतो. अनेक अभ्यासक्रमांचे भारतीय भाषांत, मराठीतही, भाषांतर झाले आहे. पदवीच्या पातळीवर त्याचे स्वागत करावे, पण एम.टेक.च्या विद्यार्थ्याने मूळ इंग्रजीच धरावे असा माझा सल्ला आहे, कारण पुढे त्याला शोधनिबंध त्याच भाषेत वाचायचे आणि लिहायचे आहेत. मराठीतून शिकायचे असेल तर त्यासाठी आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प अधिक योग्य आहे. त्यात सायलॅब, लाटेक, लिनक्स अशा मुक्त सॉफ्टवेअरचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठी निवेदनासह आहेत, आणि पडद्यावर काय करायचे हे शेजारी बसून दाखवावे तसे दाखवले आहे. प्रबंध लाटेक या मजकूर-मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायला माझे विद्यार्थी तिथेच शिकतात. त्याच संस्थेच्या मुक्त सॉफ्टवेअरसाठीच्या फॉसी प्रकल्पाने ओपनफोम या सीएफडीच्या मुक्त सॉफ्टवेअरवरही बरेच साहित्य तयार केले आहे. ज्यांच्या महाविद्यालयात व्यावसायिक सॉफ्टवेअरचा परवाना नाही त्यांनी तिकडे जरूर पाहावे.

एनपीटेलवर काही अभ्यासक्रमांना पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीचे संशोधक विद्यार्थी आठवड्याला थेट उदाहरणे सोडवून दाखवतात. ही सोय चांगली आहे आणि तिचा पुरेसा लाभ घेतला जात नाही. प्रश्नोत्तर विभागाचा अनुभव अभ्यासक्रमागणिक वेगळा येतो, तो साहाय्यक कोण आहेत यावर अवलंबून असतो. जुन्या टप्प्यातल्या काही चित्रीकरणांत फळ्यावरचे अक्षर बारीक दिसते आणि आवाज खोल येतो. मोबाइलवर ती पाहू नयेत, संगणकाच्या पडद्यावर पाहावीत. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. सत्र दरवर्षी नवे असले तरी व्याख्याने बहुधा तीच असतात, त्यामुळे ज्या विषयाचे स्वरूप झपाट्याने बदलते आहे, उदाहरणार्थ ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग, त्यात चित्रीकरणाचे वर्ष पाहूनच अभ्यासक्रम निवडावा. थर्मोडायनॅमिक्सला ही अट लागू नाही.

प्रयोगशाळेची जागा मात्र यातले काहीच घेऊ शकत नाही. सरकारच्याच व्हर्च्युअल लॅब्जमध्ये प्रयोगांची अनुकरणे आहेत, आणि प्रयोगाला जाण्यापूर्वीची तयारी म्हणून ती ठीक आहेत. पण थर्मोकपलचा सांधा पृष्ठभागाला नीट टेकला नाही तर तापमान काही अंश कमी दिसते, ब्लोअर सुरू केल्यावर स्थिर अवस्था यायला तासभर थांबावे लागते, आणि आधीच्या गटाने व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवल्यामुळे सगळी वाचने वाया जातात, हे अनुकरणात घडत नाही. प्रायोगिक प्रबंध करणाऱ्या विद्यार्थ्याचे दुसरे वर्ष बरेचसे याच गोष्टींत जाते, आणि तो वेळ वाया गेला असे मी कधीही म्हणणार नाही.

गृहपाठाची जी उणीव मी वर सांगितली, ती भरून काढण्याचा एक मार्ग मला सापडला आहे. अमेरिकेतल्या एमआयटीने आपले अभ्यास-साहित्य मुक्तपणे उपलब्ध करून दिले आहे, आणि त्यातल्या ॲडव्हान्स्ड फ्लुइड मेकॅनिक्स या पदव्युत्तर अभ्यासक्रमात, ज्याचा क्रमांक २.२५ आहे, लांब उदाहरणांचा मोठा संग्रह उत्तरांसह आहे. एकेक उदाहरण एका प्रत्यक्ष परिस्थितीवर बेतलेले असते. त्यात सूत्र दिलेले नसते, काय गृहीत धरायचे तेही दिलेले नसते, आणि एक उदाहरण सोडवायला संध्याकाळ जाते. व्याख्यान एनपीटेलचे आणि उदाहरणे तिथली, ही जोडी फ्लुइड मेकॅनिक्सपुरती तरी उत्तम जमते. उत्तराचे पान उघडण्याआधी स्वतःचे उत्तर पूर्ण लिहून त्यावर तारीख टाकायची, एवढी एकच अट मी विद्यार्थ्यांना घालतो आणि तिच्यापासून ढळत नाही.

गेट या एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी एनपीटेल वापरावे का, असे बी.ई.चे विद्यार्थी नेहमी विचारतात. गेट ही तीन तासांत ६५ प्रश्न सोडवण्याची, १०० गुणांची परीक्षा आहे. मेकॅनिकलच्या पत्रिकेत त्यांतले १३ गुण गणिताचे आणि १५ सामान्य कलचाचणीचे असतात. तिला वेग लागतो, आणि वेग सरावाने येतो. पूर्ण अभ्यासक्रम ऐकत बसण्याइतका वेळ शेवटच्या वर्षात मिळत नाही, म्हणून ज्या घटकात पाया कच्चा आहे तेवढीच व्याख्याने निवडून ऐकावीत आणि उरलेला वेळ उदाहरणांना द्यावा. गेटमधून प्रवेश मिळाल्यास मान्यताप्राप्त संस्थेत दरमहा १२,४०० रुपयांची छात्रवृत्ती असते. घरून पैसे मागवणे शक्य नसलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

एम.टेक.च्या पहिल्या वर्षात असलेल्यांना माझे सांगणे असे. एका सत्रात एकच अभ्यासक्रम घ्या. दोन घेतले की दोन्हींची व्याख्याने दीडपट वेगाने पळवली जातात आणि वही कोरी राहते. व्याख्यान ऐकताना डेरिव्हेशन आले की चित्रफीत थांबवा, पुढची ओळ स्वतः लिहा आणि मग पडताळा. पहिल्या चार आठवड्यांत तुम्ही हे नेमाने करू शकलात, तर १००० रुपये भरून परीक्षेला बसा. नसेल जमत, तर पैसे भरू नका, पण व्याख्याने ऐकणे सोडू नका. ती सत्र संपल्यावरही तशीच उपलब्ध राहतात, आणि प्रबंधाच्या काळात अडलेल्या एखाद्या समीकरणासाठी त्यांच्याकडे पुन्हा जाता येते. गाइडना दर पंधरवड्याला वही दाखवा. त्यांनी स्वतःहून मागितली नाही, तरी दाखवा.